बेअरिंग भिकाजीने बसवलं होतं

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी राजिवड्यातलं झुबेरभाईंचं वर्कशॉप बंद असायचं. बंद म्हणजे कुलूप नव्हे. उलट त्या दिवशी दार सताड उघडं, फरशी फिनेलने धुतलेली, पाने मापाप्रमाणे भिंतीला टांगलेले, आणि मच्छीमार बोटींची जी इंजिनं एरवी पोट उघडून पडलेली असत ती ताडपत्रीखाली झाकलेली. बंद असायचं ते काम. पुण्याहून कोच मॅडम यायच्या होत्या ना! एवढ्या लांबून आलेल्या बाईमाणसाला ऑइलच्या वासात नि ठोकाठोकीत बसवायचं हे झुबेरभाईंना पटणारं नव्हतं. घरी पाहुणा येणार म्हटलं की कोकणी माणूस आधी पसारा झाकतो आणि मग चुलीवर काहीतरी चढवतो.

चुलीवर चढायचं ते थोडंथोडकं नसे. वर्कशॉपच्या माडीवरच बिऱ्हाड. झुबेरभाईंची बायको साबेरा सकाळपासून कंबर कसून असायची. तांदळाच्या भाकऱ्या, तळलेली सुरमई, कोळंबीचं कालवण, फणसाच्या दिवसांत सांदणं. कोच मॅडम अकराला येत, साडेअकराला माडीवर जात, दोनला हात धुत. उरलेल्या तासाभरात धंद्याचं काय व्हायचं ते व्हायचं.

ही कोचची कल्पना मुलाची, तहाची. तहा आखातात, दोहाला एका कंपनीत होता. क्रिकेटच्या संघाला असतो तसा धंद्यालाही कोच असतो, तो आपल्याला खेळून दाखवत नाही, आपण कुठे चुकतोय ते आपल्याला बघायला लावतो, असं त्याने फोनवर समजावलं होतं. "सहा भेटी ठरवल्या आहेत अब्बा. तुम्ही फक्त त्यांच्याशी मोकळं बोला." झुबेरभाई "हो हो" म्हणाले. एकसष्ट वर्षांचा माणूस मोकळं बोल म्हटल्याने बोलायला लागत असता तर जगातले निम्मे तंटे मिटले असते.

मॅडमचं नाव योगिनी. पंचेचाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या, शांत, आणि बोलायला फार हळू. त्या प्रश्न लिहून देऊन जात आणि झुबेरभाई पुढच्या भेटीपर्यंत वळणदार अक्षरात उत्तरं लिहून ठेवत. वर्षात किती इंजिनं येतात, कुठला बोटमालक किती वर्षांचं गिऱ्हाईक, माणसं किती, नवं यंत्र कुठलं घ्यायचं. वही बघून कुणालाही वाटावं, या माणसाला कोचची गरजच काय.

तिसऱ्या भेटीत एक प्रश्न होता. या वर्कशॉपमध्ये फक्त तुम्हालाच येतं असं काम कोणतं? झुबेरभाईंनी लिहिलं होतं, इंजिन ऐकणे.

"आणि ते एक दिवस तुम्हाला जमेनासं झालं तर?" योगिनीने विचारलं.

झुबेरभाईंनी तिच्या ओठांकडे बघितलं, मग ताटाकडे. "मॅडम, अजून एक सांदण घ्या. साबेरा, मॅडमना नारळाचं दूध वाढ."

तो प्रश्न त्यांना कळला होता. चांगलाच कळला होता.

इंजिन ऐकणं ही झुबेरभाईंची खासियत. मिरकरवाड्यापासून जयगडपर्यंत बोट चालवणाऱ्या कुठल्याही तांडेलाला विचारा. हातभर लांबीची लोखंडी सळई होती त्यांच्याकडे, तीस वर्षं हाताळून गुळगुळीत झालेली. चालू इंजिनाला तिचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं, डोळे मिटायचे. मग म्हणायचे, तीन नंबरचा पिस्टन. किंवा म्हणायचे, काही नाही, घेऊन जा. त्यांनी घेऊन जा म्हटलं की बोट दर्यात जायची. कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

आणि ऐकू येईनासं झालं होतं ते नेमकं याच माणसाला.

चाळीस वर्षं डिझेल इंजिनांच्या कुशीत कान गेला. जाडे आवाज अजून यायचे, ठोका यायचा, पुरुषांचं बोलणं यायचं. बारीक आवाज गेले. कुकरची शिटी गेली, मोबाइलची रिंग गेली, योगिनीसारख्या हळू बोलणाऱ्या बाईचं निम्मं वाक्य गेलं. डाव्या बाजूला तर जवळजवळ सगळंच गेलं होतं. जेवायला बसवलं की माणसाला उत्तरं द्यावी लागत नाहीत, हाही त्या गुरुवारच्या जेवणाचा एक फायदा होता. साबेराच्या लक्षात आलं होतं की नव्हतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही. वर्कशॉपमध्ये हे कुणाला ठाऊक नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. डॉक्टरकडे जायचं तर चिठ्ठी होणार, मशीन येणार, आणि कानात मशीन घालून इंजिन ऐकणाऱ्या माणसाकडे कोण आपली बोट देणार?

पण कानापेक्षा मोठी गोष्ट भिकाजीची होती. ती वहीत कुठेच नव्हती.

भिकाजी पालीच्या पुढल्या एका वाडीतला. एकूण बावीस वर्षं झुबेरभाईंकडे फिटर. रोज सकाळी एसटीने यायचा, दाराजवळच्या खिळ्याला डबा टांगायचा आणि संध्याकाळी तो काढून घेऊन जायचा, मधल्या वेळात गरजेपुरतं बोलायचा. गेल्या दोनेक वर्षांत मात्र त्याला एक सवय लागली होती. झुबेरभाई सळई लावून उभे राहिले की तो हातातलं काम टाकून त्यांच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहायचा आणि खालच्या आवाजात म्हणायचा, "जरा नोझलकडं बगा बरं, झुबेरभाई." किंवा "वॉटर पंपाकडं." झुबेरभाई बघत, आणि दुखणं बरोबर तिथेच निघायचं. त्यांना वाटायचं, बावीस वर्षं आपल्या हाताखाली राहून माणूस तयार झाला. मनात थोडा अभिमानही वाटायचा, स्वतःचाच.

जानेवारीत अलीची बोट आली. अली राजिवड्यातलाच, स्वतःच बोटीचा मालक आणि स्वतःच तांडेल. गिअरबॉक्स उघडून भिकाजीने नवं बेअरिंग बसवलं. इंजिन चालू केलं. झुबेरभाईंनी सळई लावली. उजव्या अंगाला भिकाजी येऊन उभा राहिला.

"बारीक आवाज येतोय. बेअरिंग परत काढूया," तो म्हणाला.

झुबेरभाईंनी पुन्हा कान लावला. त्यांना काही ऐकू आलं नाही. पण त्या दिवशी समोर अली उभा होता, आणखी दोन मालक उभे होते, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते. भिकाजी असं सगळ्यांसमोर पुन्हा म्हणाला, "काढूया." त्यांना ते लागलं. कान कुणाचा आहे इथे?

"काय नाय. घेऊन जा, अली," झुबेरभाई म्हणाले.

तिसऱ्या दिवशी जयगडसमोर लांब दर्यात ते बेअरिंग जाम झालं. इंजिन चालतंय पण पाण्यातला पंखा फिरत नाही. सात माणसं दीड दिवस वाऱ्यावर होती. शेवटी दाभोळच्या एका बोटीने त्यांना बघितलं आणि दोर टाकला. दोराला ताण आला त्या क्षणी निलेश नावाच्या खलाशाचा हात त्यात सापडला. दोन बोटं गेली. उजव्या हाताची.

बोट परत आली तेव्हा मिरकरवाड्याच्या धक्क्यावर शंभरएक माणसं होती. अलीने सगळ्यांसमोर विचारलं, "झुबेरभाई, बेअरिंग बसवला कोणी?"

आणि झुबेरभाई म्हणाले, "बेअरिंग भिकाजीने बसवलं होतं."

यात खोटं काहीच नव्हतं. भिकाजीनेच बसवलं होतं. कुराणावर हात ठेवून सांगावं इतकं ते वाक्य खरं होतं. भिकाजी दोन हातांवर उभा होता. त्याने झुबेरभाईंकडे बघितलं, हातातल्या फडक्याला हात पुसले, आणि निघाला. वर्कशॉपवर जाऊन डबा काढला नि एसटी पकडली. परत आला नाही. ज्याने बसवलं त्याचीच चूक असं सगळ्यांनी धरलं, त्याचं "काढूया" कुणाला आठवलंसुद्धा नाही. धक्क्यावर त्याच्या नावाने पुढे जे बोललं गेलं ते झुबेरभाईंनी ऐकलं. तेवढं बरोबर ऐकू यायचं त्यांना.

त्यानंतर मार्चपासून कोच मॅडम येऊ लागल्या.

एक जूनपासून मासेमारी बंद होते. त्या दोन महिन्यांत सगळ्या बोटी इंजिनं उतरवतात. वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. झुबेरभाईंनी दोन नवे फिटर ठेवले होते. ते चांगले होते, पण ऐकायची वेळ आली की हात बांधून झुबेरभाईंकडे बघत उभे राहायचे. उजव्या अंगाला कुणी नव्हतं. एकेक इंजिन तयार होत होतं, ऑगस्टच्या पहिल्या तारखेला प्रत्येकाच्या जोरावर सात-आठ माणसं दर्यात जाणार होती, आणि ती जाणार होती झुबेरभाईंच्या "घेऊन जा" वर. नमाज पढतानाही त्यांना निलेशचा हात दिसायचा.

मग त्यांनी एक मार्ग काढला. कानाला येत नाही ते दाताला येतं का बघायचं. फिटर जेवायला गेले की ते सळईचं टोक दातांत धरायचे आणि दुसरं टोक इंजिनाला टेकवायचे. जबड्यातून काहीतरी थरथर डोक्यात चढायची. ती कसली थरथर हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

जुलैमधला सोमवार होता. पावसाने जरा उघडीप दिली होती. फिटर जेवायला गेले होते, एक इंजिन धडधडत होतं आणि झुबेरभाई गुडघ्यांवर बसून, सळई दातांत धरून, डोळे मिटून होते. डोळे उघडले तर दारात योगिनी उभी. ना गुरुवार, ना फोन. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

त्यांनी सळई तोंडातून काढली. इंजिन बंद केलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं ते हे की फरशी धुतलेली नाही.

"मॅडम, तुम्ही फोन केला असता तर... साबेराने काही केलंसुद्धा नाय."

योगिनी आत आली. बसायला खुर्ची नव्हती, तर एका उलट्या खोक्यावर बसली, साडीला ऑइल लागेल याचा विचार न करता. पर्समधून वही काढली, काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली.

डाव्या कानाने ऐकू येतं का?

झुबेरभाईंना राग आला. असा राग की कानशिलं तापली. आपल्या घरी चार वेळा जेवलेली बाई! ते उठले, भिंतीवरचा एक पाना काढला, परत लावला. मग तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "नाय."

पुढचं बोलायला त्यांना फार वेळ लागला. मधे फिटर परत आले तर त्यांना चहाला पिटाळलं. जे आधी आलं ते कानाचं आलं, मग बारीक आवाजाचं, मग अलीच्या गिअरबॉक्सचं. सगळ्यात शेवटी धक्क्यावरचं ते वाक्य. ते सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की योगिनीलाच पुढे वाकून ऐकावं लागलं.

योगिनीने वही मिटून पर्समध्ये ठेवली. मग त्यांच्या उजव्या बाजूला सरकली आणि मोठ्याने, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "झुबेरचाचा, आधी माझी चूक. चार गुरुवार मी इथे आले, स्वच्छ फरशी बघितली, सुरमई खाल्ली आणि गेले. काम बंद ठेवून मला काम दाखवताय, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मला चापून जेवायला आवडतं, हे त्याचं कारण. आज म्हणूनच न सांगता आले."

झुबेरभाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"आपण वहीत जे लिहिलंय," ती म्हणाली, "नवं यंत्र, नवी माणसं, तहाला पाठवलेला पुढल्या तीन वर्षांच्या बेताचा कागद, ते सगळं एका गोष्टीवर उभं आहे, की इंजिन तुम्ही ऐकता. ते खरं नसेल तर त्या वहीचा उपयोग नाही. तुमच्या मुलाने मला ज्यासाठी पाठवलंय ते काम आज सुरू झालं."

"मग सांगा काय करू."

"तुम्हाला काय वाटतं, पहिलं काय करायला हवं?"

"मना ठाऊक असता तर तुम्हाला कशाला बोलावला असता?" झुबेरभाई ओरडले. चाळीस वर्षांत बाईमाणसावर त्यांनी असा आवाज चढवला नव्हता.

योगिनी नुसती बसून राहिली. ही तिची सवय त्यांना आता कळू लागली होती. ती प्रश्न टाकायची आणि मग वाट बघायची, आणि ती वाट आजवर प्रत्येक वेळी त्यांनी सांदणाने बुजवली होती. आज हाताशी ताट नव्हतं. दाराजवळचा रिकामा खिळा समोर दिसत होता.

"भिकाजी," ते म्हणाले.

"सहावी भेट तुम्ही सांगाल तेव्हा," ती उठत म्हणाली. "आणि कानाच्या डॉक्टरकडे या आठवड्यात जा. हा सल्ला कोचचा नाही, माझा."

साबेराला त्यांनी त्या दुपारी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "दोन वर्सं घरातली बेल मीच ऐकतंय. तुम्ही सांगाल म्हणून थांबलेली." एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

पुढच्या रविवारी झुबेरभाई एसटीने पालीच्या पुढे उतरले आणि चिखलातून भिकाजीच्या वाडीपर्यंत चालत गेले. भिकाजी लावणी आटपून नुकताच परतला होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. झुबेरभाईंना बघून त्याने ओटीवरची घोंगडी झटकली.

"बसा," तो म्हणाला. बायकोने पाणी आणि गूळ आणून ठेवला.

झुबेरभाई बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. "मना ऐकू येत नाय, भिकाजी. त्या दिवशी तू सांगितलेला आवाज मना आलाच नव्हता. आणि धक्क्यावर मी तुजा नाव घेतला."

भिकाजी पायावरचा चिखल खरवडत राहिला. मग म्हणाला, "दोन वर्सं मला ठावं हाय."

"काय?"

"तुमचा डावा कान गेला तवाच कळलं मला. म्हणून तर उजव्या अंगाला येऊन सांगायचो, हलू आवाजात. कोणाला कळू नये म्हणून." त्याने मान वर केली. "नोझलकडं बगा, पंपाकडं बगा. तुमाला काय वाटलं, मी शिकत होतो?"

झुबेरभाई तेव्हा बसले. दोन वर्षं मिरकरवाडा त्यांच्या कानाला सलाम करत होता आणि तो कान या माणसाचा होता. अभिमानाने फुगलेले आपले ते सगळे दिवस त्यांना एकेक करून आठवले आणि प्रत्येकाची लाज वाटली.

"परत चल," ते म्हणाले. "मी चुकलो. तुजे पाय धरतंय."

"पाय नको." भिकाजीने पाय मागे घेतले. त्याचा आवाज चढला नव्हता, पण कडक झाला होता. "हितं तुमी मला सांगितलात. हितं कोण हाय? मी, माजी बायको नि गोठ्यातली म्हस. माजं नाव गेलं ते धक्क्यावर. त्या निलेशची आये मला बाजारात बगून रस्ता बदलते. सांगायचं तर थितं सांगा. नायतर पानी प्या नि जावा."

झुबेरभाई पाणी प्यायले आणि निघाले.

धक्क्यावर सांगायचं म्हणजे काय, हे त्यांना परतीच्या एसटीत नीट समजलं. वर्कशॉपात तेवीस इंजिनं तयार होती. मालकांनी ती झुबेरभाईंच्या कानाच्या भरवशावर ठेवली होती. कान नाही म्हटल्यावर ती उद्या उचलून नेतील. ज्या धक्क्यावर गेली तीस वर्षं त्यांच्यासाठी कुणी ना कुणी बसायला जागा करून देत होतं, तिथे आता लोक नजर चुकवतील. चार दिवस त्यांनी विचार केला, आणि त्यात दोनदा त्यांना वाटलं की न सांगितलेलंच बरं. मधे कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. गेलेलं परत येणार नाही, मशीनने बोलणं कळेल, इंजिन नाही, असं डॉक्टरने लिहून दिलं. ती चिठ्ठी खिशात घालून त्यांनी पालीच्या एसटीवाल्याजवळ भिकाजीसाठी शुक्रवारचा निरोप दिला आणि मग योगिनीला फोन केला.

"सहावी भेट शुक्रवारी. जुम्म्याच्या नमाजानंतर, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर. जेवण नाय या वेळी."

"मी येते," ती म्हणाली. हे त्यांना कळलं, कारण ती आता मोठ्याने बोलायला शिकली होती.

शुक्रवारी धक्क्यावर प्लास्टिकच्या ताडपत्र्यांखाली माणसं जाळी विणत बसली होती. मालक नमाजाहून परतून उभे होते. अली होता. निलेशही होता. डाव्या हाताने जाळ्याच्या गाठी मारायला तो शिकत होता, उजव्याची उरलेली बोटं नुसता दोर दाबून धरायला. योगिनी छत्री घेऊन बाजूला उभी राहिली. बर्फाच्या क्रेट्सपाशी आणखी कुणीतरी छत्रीखाली उभं होतं. झुबेरभाईंनी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलताच आलं नसतं.

ते अलीसमोर गेले आणि जानेवारीत जेवढ्या मोठ्याने बोलले होते तेवढ्याच मोठ्याने बोलले.

"अली, तू मना विचारलेलास, बेअरिंग बसवला कोणी. मी बोललो, भिकाजीने. पण भिकाजी बोललेला, आवाज येतोय, परत काढूया. तुज्यासमोर बोललेला, तुना आठवत असेल. मी बोललो, काय नाय, घेऊन जा. मना तो आवाज आलाच नव्हता. मना दोन वर्सं बारीक काय ऐकू येत नाय. हा डॉक्टरचा कागद." त्यांनी चिठ्ठी काढली. ती अलीपुढे धरली. "तुमच्या बोटी दोन वर्सं भिकाजीच्या कानावर चालल्या. निलेशची बोटां माज्यामुळे गेली."

जाळी विणणारे हात थांबले. पावसाचे चार थेंब त्या कागदावर पडले आणि शाई पसरली.

अलीने कागद हातात घेतला नाही. "झुबेरभाई, माज्या बोटीवर सात माणसां होती," तो म्हणाला. "दीड दिवस आम्ही कलमा पढत होतो." मग तो वळून चालायला लागला. त्याच दुपारी टेम्पो आणून त्याने आपलं इंजिन उचलून नेलं. त्याच्यामागून आणखी पाच मालकांनी नेली.

निलेश जागचा उठला नाही. तो बर्फाच्या क्रेट्सकडे बघत होता. "सहा महिने मी भिकाजीमामाला शिव्या घातल्या," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. झुबेरभाईंना ते ऐकू आलं, आणि ते ऐकायला तरी कान शिल्लक राहिला होता याबद्दल त्यांनी अल्लाचे आभार मानावेत की नाही हे त्यांना ठरवता येईना. क्रेट्सपाशी आता कुणी नव्हतं.

संध्याकाळी योगिनी त्यांच्याबरोबर भाट्याच्या पुलाकडच्या रस्त्यापर्यंत चालली. निरोप घेताना त्यांनी विचारलं, "मॅडम, हे बरोबर केला काय मी?"

"सतरा इंजिनं अजून तुमच्याकडे आहेत," ती म्हणाली. "ती कोण ऐकणार, हा प्रश्न वहीत लिहा. आता खरं उत्तर लिहिता येईल." मग तिने पिशवी दाखवली. साबेराने सकाळीच वर्कशॉपच्या दारात गाठून तिला डबा दिला होता. जेवण नाही म्हणजे नाही, हे साबेराला कधीच मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. झुबेरभाई सकाळी एकटेच आले, ताडपत्र्या काढल्या, पाने खाली उतरवून हाताशी ठेवले. नऊ वाजून गेले. फिटर आले. पालीकडची एसटी नवाला येते, हे त्यांना बावीस वर्षं पाठ होतं. सव्वानऊ झाले. त्यांनी दाराकडे बघायचं सोडून दिलं आणि एका इंजिनाच्या बोल्टाला हात घातला.

डबा खिळ्याला अडकल्याचा आवाज त्यांना आला नाही. तो बारीक असतो. पण मान वर केली तेव्हा खिळ्यावर डबा होता, आणि भिकाजी भिंतीला छत्री टेकवत होता.

भिकाजीने बाह्या वर केल्या. झुबेरभाईंनी सळई उचलून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली, फडक्याने पुसली, टेस्टला लावलेलं इंजिन चालू करायला सांगितलं आणि वाकला. झुबेरभाई वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. आता भिकाजी ऐकेल, उठेल, त्यांच्या उजव्या अंगाला येईल आणि हळू आवाजात सांगेल. दोन वर्षांची सवय. त्यांनी नकळत उजवा कान पुढे केला.

भिकाजी जागचा हलला नाही. तिथूनच, इंजिनाच्या धडधडीवर आवाज काढून, फिटरांसमोर, दारात उभ्या असलेल्या मालकासमोर, सगळ्या राजिवड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला, "झुबेरभाई, दोन नंबरचा नोझल!"

कुणीही मान वळवून बघितलं नाही. जो तो आपल्या कामात होता. झुबेरभाईंचे डोळे भरून आले, आणि ते पुसायचे सोडून ते तेवढ्याच मोठ्याने ओरडले, "उतरव!"